नख वाढायला वेळ लागतो

बल्लारपूर
१४ सप्टेंबर २०२४

प्रिय बुधरीवहिनी,

जय सेवा, जय भीम.

तुमची आणि दिव्यानीची तब्येत बरी असेल. एटापल्लीकडचा रस्ता पुन्हा बंद पडला होता असं बातम्यांत ऐकलं. उपकेंद्रात तापाचे, साप चावलेले पेशंट वाढले असतील आणि तुमची एकटीची धावपळ होत असेल. दिव्यानी शाळेत रमली का? दादानं मागे तिचा फोटो स्टेटसला ठेवला होता, तो मी उतरवून घेतला आहे. कपाळ अगदी आमच्या आईचं आहे. आई असती तर तिनं तो फोटो शेजारपाजारी फिरवून आणला असता.

मी ठीक आहे. आठवड्यातून चार दिवस नागपूरला कॉलेजात असते, बाकी इथे. घरात आता एकटीच. भाजी उरते. कमी करायचा अंदाज अजून येत नाही.

तुम्हाला माझं पत्र पाहून नवल वाटलं असेल. आपण एकदाच भेटलो, तुमच्या लग्नात, आणि त्यानंतर आपल्यात बोलणंच राहिलं नाही. दादाला फोन केला की ‘बाबा’ हा शब्द आला रे आला, की तो फोन ठेवतो. बाबा जाऊन आता महिना होत आला, तरी ठेवतो. म्हणून त्याला न लिहिता तुम्हाला लिहिते.

गेल्या महिन्यात दादा अंत्ययात्रेला येऊन गेला. परत आल्यावर त्यानं तुम्हाला काय सांगितलं असेल? बहुतेक काहीच नाही. मी सांगणार आहे, पण लगेच हिंमत होत नाही. आधी माझ्या कामाचं सांगते. तुम्ही नर्स आहात, तुम्हाला ते सहज समजेल.

मी औषधनिर्माणशास्त्रात पीएचडी करते. विषय आहे नखाची बुरशी. रोवणीच्या दिवसांत तुमच्याकडे बाया येत असतील, नख पिवळं पडलेलं, जाड झालेलं, खालून भुगा निघणारा. आपण मलम देतो. ते मलम नखावर बसून राहतं, कारण बुरशी असते खाली आणि नख असतं शिंगासारखं टणक. औषध आत उतरतच नाही. गोळ्या आहेत, पण त्या महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात, आणि ज्याचं लिव्हर आधीच दुखावलेलं आहे त्याला देता येत नाहीत. तर वरून लावलेलं औषध नखातून खालपर्यंत कसं पोचवायचं, एवढाच माझा प्रश्न. नेलपॉलिशसारखं लावायचं, पण ते झिरपलं पाहिजे.

याची तपासणी म्हशीच्या खुरावर करतात. खाटकाकडून खूर आणायचे, भिजवायचे, त्यांचे पातळ काप काढायचे. कापाच्या वर औषध लावायचं आणि खालच्या पाण्यात ते उतरलं का ते पाहायचं. पहिलं वर्ष वाया गेलं. वरून काप चकाचक, खाली पाण्यात औषधाचा पत्ता नाही. मी घरी आले की बाबा म्हणायचे, ‘तुह्या केसाले खुराचा वास येऊन राह्यला.’ त्यांना वाटायचं, एवढं शिकवून पोरगी शेवटी खूर कापते.

एकदा जेवताना मी म्हटलं, की आता मला माणसाची नखं लागतील, चांगली आणि खराब दोन्ही, कॉलेजात मिळतात ती पुरत नाहीत. बाबांचा घास हातातच राहिला. पुढच्या आठवड्यात मी नागपूरहून आले तर माझ्या टेबलावर वर्तमानपत्राची एक पुडी होती. बाबा दारात उभे.

‘तुह्या कामात येतीन तं घे,’ म्हणाले, ‘नाई तं फेकून दे.’

‘कोणाची आहेत?’

‘आहे एक मानूस. खदानीतला.’

वहिनी, त्याला नखं म्हणायची म्हणून म्हणायची. जुन्या भिंतीचा चुना सुटतो ना, तसे पिवळे काळे ढलपे होते. मी ते भिंगाखाली धरले आणि माझ्या डोळ्यांपुढे एकदम बाबांचे मोजे आले. आमच्या घरी बाबा कायम मोजे घालून असायचे. मे महिन्यातही. बल्लारपूरचा मे कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. मला वाटायचं, खाणीतल्या माणसाची सवय आहे. आई होती तोवर रविवारी दार लोटून ती त्यांचे पाय गरम पाण्यात ठेवून नखं काढून द्यायची. आम्ही पोरं म्हणायचो, आई किती लाड करते यांचे. आई गेल्यावर त्या दाराआड काय चालायचं ते विचारायचं कोणालाच सुचलं नाही.

‘बाबा, मोजे काढा,’ मी म्हटलं.

ते खुर्चीत बसले. मग त्यांनी काढले.

सगळं आयुष्य जमिनीखाली गेलेलं त्यांचं. वरून पाणी गळतं, खाली पाणी साचतं, आणि कामाची पाळी संपेपर्यंत पाय गमबुटात. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी होऊन वर उचलली होती, बाकीच्या बोटांचीही तीच गत. वास होता. मी नाक आवळलं नाही, तरी त्यांनी पाय मागे घेतला. तरुणपणी त्यांना मोठी कावीळ झाली होती, तेव्हापासून लिव्हर कमजोर. दवाखान्यातल्या डॉक्टरनं गोळ्यांना नाही म्हटलं, आणि मग बाबांनी पुन्हा कोणाला पाय दाखवलेच नाहीत.

त्याच सुमाराला माझं काम मार्गी लागलं. औषधात मी असा घटक घातला, की तो नखाची घट्ट वीण सैल करतो आणि आत ओल धरून ठेवतो. कोरड्या नखातून औषध उतरत नाही, ओल्यातून उतरतं. खुराच्या कापाखालच्या पाण्यात औषध सापडलं तेव्हा मी प्रयोगशाळेतूनच बाबांना फोन केला.

‘उतरलं?’

‘उतरलं बाबा.’

‘मंग आता माह्यात उतरव.’

पुढे रीतसर परवानग्या मिळाल्या आणि चंद्रपूरच्या एका त्वचारोगतज्ज्ञांकडे थोड्या लोकांवर अभ्यास सुरू झाला. घरच्या माणसाला त्यात घेता येत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी बाबांना वेगळं तपासायचं कबूल केलं, औषधही त्यांच्याच देखरेखीखाली दिलं, पण बाबांची मापं माझ्या प्रबंधात धरायची नाहीत असं ठरलं. ते बरोबरच होतं. घरी नख कानसून औषध लावायचं, तेवढंच काम माझ्याकडे होतं. रविवारी सकाळी बाबा खुर्चीत बसायचे, मी खाली पाटावर. त्यांचा पाय माझ्या मांडीवर टॉवेल टाकून घ्यायचा, नखाची वरची जाडी कानसीनं उतरवायची, मऊ करणारा लेप बांधून ठेवायचा, आणि मग ब्रशनं औषध. पहिल्या काही रविवारी ते छताकडे बघत राहायचे. मुलीनं पायाला हात लावावा याची त्यांना लाज वाटायची. मग हळूहळू बोलायला लागले. वहिनी, मी माझ्या बापाला त्या रविवारांमध्ये जेवढं ओळखलं तेवढं आधी कधीच ओळखलं नव्हतं.

थंडी संपता संपता अंगठ्याच्या मुळाशी गुलाबी रेघ दिसली. बारीक. बाबांनी चष्मा लावून पाहिली, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

‘पोरी, हे पूर्ण साफ व्हायले किती दिवस लागन?’

मी सांगितलं, की औषध आत पोचलं तरी बिघडलेलं नख सुधारत नाही. मुळातून नवंच यावं लागतं, आणि जुनं पुढे सरकत सरकत कापून जावं लागतं. पायाच्या अंगठ्याला वर्ष, कधी दीड वर्ष.

‘येवढं?’

‘येवढं.’

‘मंग तोवर थांबा लागन.’

‘कशासाठी?’

आणि त्यांनी सांगितलं. मला जे लिहायचं आहे ते इथे आलं. 

तुमच्या लग्नाच्या दिवशी काय घडलं ते तुमच्या अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बाबा पाळी करून एसटीनं येणार होते. तुमचा चुलतभाऊ त्यांना आणायला मोटारसायकल घेऊन एटापल्लीच्या स्टँडवर गेला, आणि एकटाच परत आला. पाहुणे उतरले, माझ्याशी बोलले, पाणी पिऊन येतो म्हणाले आणि परतीच्या गाडीत जाऊन बसले, असं त्यानं सांगितलं. माडिया आदिवासी माणूस समोर पाहून मुलाचा बाप उलटा फिरला, असंच सर्वांना वाटलं. मलाही वाटलं. तुमच्या वडिलांचा चेहरा मला अजून आठवतो. मी तुमच्या शेजारी बसले होते आणि मला तुमच्याकडे बघवत नव्हतं.

नंतर दादा बल्लारपूरला आला. घरात नाही आला, क्वार्टरच्या फाटकात उभा राहून ओरडला. ‘साऱ्या जन्मभर लोकायनं आपल्याले दूर ठेवलं, अन् तुमी त्याहीले दूर ठेवता? तुमाले शरम नाई वाटत?’ सगळी कॉलनी बाहेर आली होती. बाबा खाली बघत उभे राहिले. दादाचं बोलून संपलं तेव्हा फक्त म्हणाले, ‘जेवून जा.’ दादा थुंकून निघून गेला. तेव्हापासून मी त्याच घरात बाबांशी कामापुरतंच बोलायचे. मलाही त्यांची शरम वाटायची.

आता त्यांनी त्या रविवारी जे सांगितलं, ते त्यांच्याच शब्दांत लिहिते.

‘तो पोरगा मोठा चांगला होता. मले म्हने, चाला बाबूजी, इसरूदादा, पोरीचा बाप, सकाळपासून आंगनात पाट मांडून बसला हाये. तुमचे पाय धुतल्याबिगर कोनी जेवनार नाई. मी म्हनलं, पाय कायले धुता? तं म्हने, पोराच्या बापाचे पाय साऱ्या गावासमोर धुवा लागते. मंग मी माह्या बुटाकडे पाह्यलं.’

‘तर सांगायचं ना त्याला, बाबा.’

‘काय सांगू? माह्या लहानपनी कोरपन्याकडं आमच्या गावात एक मानूस होता. त्याचे पाय असेच झाले. महारोग हाये म्हनून लोकायनं त्याले गावाबायेर खोपडी बांधून देल्ली. त्याच्या पोरीची सोयरीक मोडली. मोजे काढले असते तं तुह्या भावाच्या सासरचे लोक तेच म्हनले असते. बापाले हाये म्हंजे पोराले होईन. आमची पोरगी आमी देत नाई. मी नाई गेलो तं लोक मले शिव्या देतीन, पर लगन होऊन जाईन. असं मनात आलं. अन् गाडी उभीच होती.’

मी कानस खाली ठेवली.

‘दादाला का नाही सांगितलं?’

‘तो बोलून राह्यला होता तवा सारे लोक पाहून राह्यले होते.’

‘आणि नंतर?’

‘नंतर तो आलाच नाई.’

मी फोन उचलायला उठले. त्यांनी माझं मनगट धरलं. एवढ्या जोरात त्यांनी मला कधी धरलं नव्हतं. ‘तू नोको सांगू. तू सांगशीन तं तो म्हनन, बापानं पोरीले पढवून पाठवलं. मी सोता जाईन. नखं साफ झाली का जाईन. त्याच्या घरी नाई जानार आधी, आधी इसरूभाऊकडे जाईन. म्हनीन, भाऊ, आता धू.’

मी गप्प बसले, कारण नख येत होतं. मला ते रोज दिसत होतं. औषध चाललं होतं, माझा विश्वास होता. धान कापणीला जायचं असं त्यांनी ठरवून टाकलं. खाणीतल्या एका जुन्या गोंड सोबत्याकडून त्यांनी गोंडीतली दोनचार वाक्यं शिकून घेतली होती. अंगणात फेऱ्या मारताना पुटपुटायचे. विसरायचे, मग त्याला फोन करायचे. एकदा मला विचारलं, ‘दिव्यानी मले काय म्हनन? आबा का आजोबा?’ मी म्हटलं, तीच ठरवेल.

ऑगस्टमध्ये त्यांना धाप लागायला लागली. छाती कोळशानं आधीच भरलेली, त्यात न्यूमोनिया झाला. चंद्रपूरला दवाखान्यात ठेवलं. मी दादाला फोन लावत होते, तो उचलत नव्हता. वहिनी, जन्मभर पाय लपवलेला माणूस, पण तिथे जी नर्स येईल तिला चादरीतून पाय बाहेर काढून दाखवायचा. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, तो बाजूला करून म्हणायचा, ‘सिस्टर, पाह्य. माह्या पोरीनं केलं. अजून वाढन.’ त्या बिचाऱ्या म्हणायच्या, हो काका, पाय आत घ्या, थंडी वाजेल. 

मी तिथे बसून त्या नखाकडे बघायचे. माझं सगळं शिक्षण औषध आत पोचवण्याचं. ते पोचलं. पण नख त्याच्या चालीनंच वाढतं, त्याला कोणी घाई करू शकत नाही. हे मला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं.

त्यांनी शेवटी काही निरोप दिला नाही. बोलण्याइतका श्वासच नव्हता.

वर्धा नदीच्या काठावर नेलं. दादा आला होता, रस्त्याच्या कडेला हेल्मेट हातात धरून उभा राहिला. जवळ आला नाही. लोकांनी अग्नी द्यायला हाक मारली तर म्हणाला, ‘ते माह्या लग्नात आले नाई. मी इथवर आलो, बस झालं.’ सगळे ऐकत होते. अग्नी मी दिला. बाबांचे पाय उघडे होते, येणारा प्रत्येक जण पायांना हात लावून जात होता. दादा तेवढा आला नाही. सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्या जागी, त्या क्षणी त्याला ते सांगितलं असतं तर तो तिथून गाडी चालवत तुमच्यापर्यंत पोचला नसता, अशी मला भीती वाटली. 

म्हणून तुम्हाला लिहिते. हे दादाला सांगावं का, मला समजत नाही. रागाच्या जोरावर तो इतकी वर्षं उभा आहे. तो राग काढून घेतला तर त्याच्या हाताला काय राहील? माफी मागायला माणूसही नाही. आणि नाही सांगितलं, तर दिव्यानी हेच ऐकत मोठी होईल, की तुझ्या आईची माणसं आजोबांना घाण वाटली. ते मला सहन होत नाही.

त्याला तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता. सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, तुम्ही जे कराल ते मला मान्य. पण तुम्हाला आणि तुमच्या वडिलांना खरं कळलं पाहिजे. तुमची माणसं बाबांना कधीच घाण वाटली नाहीत. स्वतःचे पाय वाटले.

तुमची नणंद, तुम्ही म्हणू द्याल तर,
रश्मी

—

एटापल्ली
६ ऑक्टोबर २०२४

रश्मीताई,

जय सेवा.

तुमचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. मी आश्रमशाळेत मराठी शिकले, पण आता लिहिणं म्हणजे रिपोर्ट आणि रजिस्टर, पत्र कधी लिहिलं नाही. बोलते तसंच लिहून राह्यली. चुकलं तर सांभाळून घ्या.

नणंद म्हणू द्याल का, असं तुम्ही काऊन लिहिलं? लग्नात सगळे उठून गेले तवा तुम्ही माझ्या बाजूला बसून होत्या. मी ते विसरले नाही.

पत्र आलं त्या दिवशी मी ते उपकेंद्रातच वाचलं. लसीकरणाचा दिवस होता, बाया पोरं घेऊन बसल्या होत्या. मी औषधाच्या खोलीत जाऊन रडले आणि मग येऊन सुया दिल्या.

आधी माझ्या वडिलांना सांगितलं. त्यांना मराठी पूर्ण समजत नाही, मी गोंडीत सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, खदानीत अंधार असतो का, पाणी थंड असतं का. मग आपला डावा पाय पुढं केला. त्यांच्या अंगठ्याला नख नाही, ठेचा लागून लागून गेलं, मी लहान होते तवापासून नाही. गोंडीतच म्हणाले, ‘ह्या पायाले कोनतं नख हाये? मले कोनी गावाबायेर काढलं का?’ नंतर म्हणाले, ‘मी त्या दिवशी झाकट पडून अंधार होईपर्यंत बसलो होतो. त्या मानसानं आपल्याले हलकं समजलं म्हनून मी साऱ्या गावात, बाजारात, सोयऱ्यायत त्याले वाईट बोललो. आता कोनापाशी जाऊन वापस घेऊ?’ त्या दिवशी ते जेवले नाहीत.

ताई, मी रोज लोकांचे पाय बघते. चिखल्या, भेगा, पूर्वी कधी नारू झालेली म्हातारी माणसं, अस्वलानं फाडलेले. बाबांनी मोजे काढले असते तर मी हळदीच्या अंगानं उठून त्यांना सांगितलं असतं की हा महारोग नाही. मी तवा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, मला ओळखता येत होतं. हेच डोक्यात येते सारखं.

यांना सांगू का नको, मी पण लय दिवस ठरवू शकले नाही. पत्र उपकेंद्रातच ठेवलं. पण घरात एक गोष्ट अशी झाली की मला राहवलं नाही. दिव्यानीनं शाळेत शिकलेलं घरच्या माणसांचं चित्र काढलं. त्यात माझे वडील होते, तुम्ही पण होत्या, फोटोवरून काढलं. तिनं यांना विचारलं, तुमचे बाबा कुठी आहेत? हे म्हणाले, मला बाबा नव्हते. तवा मी उठून पत्र आणलं.

दुपारची वेळ होती, हे पडवीत गाडीची चेन साफ करत होते. मी म्हटलं, तुमच्या बहिणीचं पत्र आहे, मी वाचते, तुम्ही मधी उठायचं नाही. म्हणाले, वाच. नखाचं, खुराचं ऐकताना हसले पण थोडे, म्हणाले रश्मी लहानपणापासून अशीच आहे. मोज्यांचं आलं तवा हात थांबला. एटापल्लीच्या स्टँडचं आलं तवा म्हणाले, थांब. मी थांबले. मग म्हणाले, पुन्हा वाच तेवढं. मी वाचलं. तीनदा वाचायला लावलं.

‘जेवून जा’ हे त्यांना आठवत नव्हतं. तुमच्या पत्रातून आठवलं. ‘मी जेवलो नाई,’ एवढंच म्हणाले. आणि तेलाचे हात तसेच तोंडाला लावून बसले. दिव्यानी घाबरली, तिला मी शेजारी पाठवलं.

मग गाडी न घेता पायी निघून गेले. मी मागं गेले नाही, जाऊ द्यावं वाटलं. सायंकाळी चहाच्या टपरीवाल्यानं निरोप पाठवला, साहेब स्टँडवर बसले आहेत, घेऊन जा. मी गेले. त्या टपरीवाल्याला ते विचारत होते, की तवा आलापल्लीची गाडी कुठी लागत होती, ह्या बाजूनं का त्या बाजूनं. आठ वर्षं झाली, तो बिचारा काय सांगणार? तो म्हणे, साहेब, स्टँड पुन्हा बांधलं, आता काही तसं नाही. तरी हे विचारतच होते. त्यांना बाबा कोणत्या जागी बसले असतील ते बघायचं होतं. मी हात धरून घरी आणलं. 

तेव्हापासून ड्युटीवर जातात, येतात. जेवतात, पण मी वाढलं तरच. रात्री झोप नाही. माझ्याशी बोलत नाहीत, पण माझ्यावर राग नाही, ते मला समजते. काल पहिल्यांदा स्वतःहून बोलले. म्हणाले, ‘सारे लोक पायाले हात लावून राह्यले होते. मी पाह्यलं. मी मुद्दाम नाई गेलो.’ मी म्हटलं, तुम्हाला माहीत नव्हतं. म्हणाले, ‘माहीत नव्हतं म्हनून का झालं, बाप तं होता.’

तुम्ही ठरवणं माझ्यावर सोडलं. मी सांगितलं. ते बरं केलं की वाईट केलं, आज मला समजत नाही. पहिले ते रागात होते पण जिवंत वाटायचे. तुम्हाला दोष देत नाही. कोणाला द्यावा तेच समजत नाही. 

आम्ही पुढच्या रविवारी येतो. माझे वडील पण येतो म्हणतात, त्यांना गाडी लागते, तरी येतो म्हणतात. सकाळच्या गाडीनं निघू, दुपारी पोचू. हे घराच्या दारात उभे राहतील, आत यायला वेळ लागेल. त्यांना बोलावू नका ताई, काही विचारू पण नका. दार उघडं ठेवा आणि तुम्ही तुमचं काम करत राहा. येतील ते.

भाजी जास्त करा.

तुमच्या घरची,
बुधरी